विहिरीवरच्या बाईचा तुकडा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते तुरीच्या शेंगा सोलायचं. ओसरीत पोतं टाकून बसलो होतो, मधी परात. मी सोलायचो कमी आणि खायचो जास्त, मग माझी बायको सुमन माझ्या हातावर चापट मारायची. घरात सुनेनं टीव्ही लावला होता आणि त्यात कोणी शिकलेला माणूस त्या जुन्या डायरेक्टरबद्दल बोलत होता. सुमन म्हणाली, "ऐकलं का, तुमचा दोस्त आला." मी म्हणालो, "माझा कशाचा दोस्त? बर्फाची लादी हाय तो." ती म्हणाली, "मरेस्तोवर हेच म्हणा तुम्ही." मी म्हणालो, "म्हणणार." शेंगा संपल्या. टरफलं तिनं शेजारच्या शेळीला टाकली, दाण्याची आमटी केली, आम्ही जेवलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. दवाखान्याची रिक्षा दारात येईपर्यंतसुद्धा थांबली नाही.

त्या डायरेक्टरचं नाव मी इथं लिहीत नाही. माझं शिक्षण चौथी, नाव लिहिताना चुकायचं आणि शिकलेले लोक हसायचे. लई मोठा माणूस होता, परदेशात त्याला मेडलं मिळालेली. त्याचा एकच पिक्चर आम्ही दोघांनी पाहिला आणि त्याच्यावर पन्नास वर्षं भांडलो. तिचं म्हणणं, त्या पिक्चरनं काळीज हलतं. माझं म्हणणं, थंड. पुढं पुढं तर मी नुसता तिला चिडवायला म्हणायचो. आता मी थंड म्हणलो तरी नाही म्हणायला घरात कोणी नाही. म्हणून हे लिहायला बसलो. ती गेल्यावर मी रडलो नाही. लेक म्हणती, बाबा मोकळे व्हा. पाहुणे बाहेर जाऊन म्हणले, म्हातारा दगड आहे. म्हणू द्या. मी बी एकदा दुसऱ्या कोणाला असंच म्हणालो होतो.

तेव्हा आम्ही जालन्यात मस्तगडाच्या मागं राहायचो. पत्र्याच्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाचा फोटो, कोपऱ्यात चूल. बाप मी लहान असतानाच गेला होता. माय जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. भोंगा झाला की ती घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू असायचे आणि ती बाहेरच उभी राहून पदरानं अंग झटकायची. तो फटक फटक आवाज ऐकला की सुमन चुलीवर तवा टाकायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा. मायला भाकर तव्यावरून थेट ताटात लागायची, जराशी थंड झाली तर ती म्हणायची, "ही कोणासाठी केलती, कुत्र्यासाठी?" सुमन लगेच दुसरी थापायची. ती अंबडच्या पलीकडच्या एका खेड्यातली. कमी बोलणारी. लग्नात तिच्या बापानं सांगितलं होतं, पोरगी कामाला वाघ आहे, पण तिच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते. आम्ही सगळे हसलो होतो.

मी टाकीत मशीन चालवायचो. आमच्याकडं टाकी म्हणजे टॉकीज. वर काबीन होती, तिथं दोन मोठ्या मशिनी आणि माझे उस्ताद करीमचाचा. कार्बनच्या दोन कांड्या पेटवून त्यांच्या उजेडावर पिक्चर चालायचा. कांड्या जळत जातील तशा पुढं सरकवाव्या लागायच्या, नाही तर पडदा पिवळा पडायचा आणि पब्लिक शिव्या घालायचं. त्यामुळं मी शेकडो पिक्चर चालवले पण पाहिला एक बी नाही. माझी नजर उजेडावर. चाचांचं अजून एक शिकवणं होतं. पब्लिकला कुठली जागा कंटाळवाणी झाली की टाकीचा मालक शेठ सांगायचा, ती काप. मंग आम्ही कात्रीनं तेवढी फिल्म कापायचो, दोन टोकं ब्लेडनं खरवडून सिमेंट, म्हणजे फिल्म जोडायचा डिंक, लावून चिकटवायचो आणि कापलेला तुकडा बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. पिक्चरची पेटी कंपनीला परत पाठवायच्या आधी तुकडा जागच्या जागी जोडायचा. सगळीकडच्या टाक्यांत हेच चालायचं. चाचा म्हणायचे, "काटना है तो काट, पर टुकडा संभाल के रख. अपना नहीं है वो."

आमची बेबी पाच महिन्यांची होऊन गेली. दोन दिवस ताप आणि जुलाब. दुसऱ्या दिवशी दुपारी बरं वाटतंय असं वाटलं म्हणून मी तीनच्या शोला गेलो, माय जिनिंगला होतीच. शो सोडून घरी आलो तेव्हा सुमन भिंतीला टेकून बसली होती आणि बेबी तिच्या मांडीवर होती. मी हात लावला आणि मला कळलं. किती वेळ झाला होता कोण जाणे. मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "मघाशी." एवढंच. शेजारणी जमल्या, मायनं ऊर बडवला, भिंतीवर डोकं आपटलं, गल्ली गोळा झाली. सुमन उठली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बेबीचे सगळे लंगोट धुतले आणि ओळीनं वाळत घातले. ते पाहून बाया एकमेकींच्या तोंडाकडं पाहायला लागल्या. आमच्यात मयताच्या घरी बाईनं मोठ्यानं रडायचं असतं. त्या रडण्यावरूनच लोक धरतात की माया किती होती. माझ्या मायची तीन लेकरं गेलेली, तिन्ही वेळा तिला पाणी मारून उठवावं लागलं होतं. ती उघड म्हणायला लागली, "टिपूस काढला न्हाई या पोरीनं. हिच्या पोटात माया न्हाई. उद्या दुसरं झालं तर त्याला बी अशीच वाळत घालंल." मी गप ऐकायचो. खरं सांगतो, मला बी तसंच वाटायचं.

दीडेक महिन्यानं साळवे मास्तर टाकीत आले. शाळेत शिकवायचे आणि पिक्चरचं लई वेड. गावातले पंधरा-वीस शिकलेले लोक जमवून त्यांनी मंडळ काढलं होतं. शेठच्या मागं लागून त्यांनी त्या मोठ्या डायरेक्टरच्या पिक्चरची पेटी मागवली, रविवारी सकाळी मंडळासाठी खेळ ठरला. पेटी आलीच आहे तर सोमवार, मंगळवार दुपारचे दोन खेळ आपण लावू, असं शेठनं ठरवलं. रविवारी मी सुमनला घेऊन गेलो. घराबाहेर पडली की मन रमेल, असं मला वाटलं. पिक्चरमध्ये काय आहे ते मला काय माहीत!

त्या दिवशी कांड्या सरकवता सरकवता झरोक्यातून मला दिसलं ते असं. रेल्वेच्या फाटकावरचा माणूस, त्याची बायको आणि त्यांचं लहान पोरगं. पोरगं आजारी पडतं, बाप फाटकावर असतानाच जातं. ते जाताना डायरेक्टर दाखवत बी नाही. दाराला लावलेली कडी दाखवतो. मंग दुसरा दिवस. ती बाई विहिरीवर पाणी शेंदते. रहाट कुरकुरतो. गाणं नाही, बाजा नाही. एक बादली घागरीत ओतते, दुसरी ओतते. तिसरी वर येते आणि ती ओततच नाही. दोर हातात धरून उभी. बादलीतलं पाणी ठिबकून राहिलंय, ती उभी. चार मिनिटं. चाचा म्हणाले, "मशीन अटकी क्या रे?" मी पाहिलं, मशीन बराबर चालू होती.

खेळ सुटल्यावर टाकीसमोरच्या चहावाल्याकडं मंडळ जमलं. एक तरुण मारवाडी वकील होते, ते तावातावानं बोलत होते. "मास्तर, या माणसाला दया नाही. वरून मुंग्या बघाव्यात तसा माणसं बघून राह्यला."

"उलट!" मास्तर म्हणाले. "कोणाच्या घरी दुःख झालं तर शहाणा माणूस दारात गुपचूप उभा राहतो. बँड घेऊन जातो का?"

"गुपचूपच उभं राहायचं तर मी तिकीट कशाला काढू? दारात फुकट उभं राहता येतं."

सगळे हसले. माझ्या हातात चहाचा ग्लास होता. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी मधी तोंड घातलं. "मास्तर, मी मशीन चालवणारा माणूस, पर बोलतो. त्यानं बाई दाखवली, काळीज न्हाई दाखवलं. पोटचं पोरगं गेलं आन् ती पाणी शेंदून राह्यली. कोणती माय असं करती?"

मास्तर माझ्याकडं वळले. माझ्या घरचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "तुझ्या घरात कधी लहान लेकरू गेलंय का रे?"

"न्हाई," मी म्हणालो.

का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. चार शिकलेल्या माणसांत घरातली गोष्ट नको, असं वाटलं असेल. सुमन दहा पावलांवर लिंबाखाली माझी वाट बघत उभी होती. तिनं ऐकलं. तिथून घरापर्यंत ती माझ्या पुढं चालली, एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर मात्र ती बोलली, आणि मायसमोर बोलली, जे तिनं कधी केलं नव्हतं. "ती बाई रडली न्हाई म्हणून तुम्हाला राग आला?"

"रडायला काय जातं?"

"तिच्या हातात दोर होता."

"मंग?"

"दोर सोडला असता तर बादली गेली असती विहिरीत."

"बादलीचं काय घेऊन बसली तू!"

"घरात एकच बादली असती," ती म्हणाली. "रडून झाल्यावर बी पाणी आणायचंच असतं ना."

उत्तर सुचलं नाही की माणूस घाण बोलतो. मी म्हणालो, "तो डायरेक्टर थंड हाय आन् तू बी तसलीच. दोघं एका मापाचे."

चुलीजवळून माय म्हणाली, "आज खरं बोलला माझा लेक." आणि मंग तिनं मनात केव्हाचं ठरवलेलं सांगून टाकलं. बुधवारी सकाळच्या अंबडच्या एस.टी.नं सुमनला माहेरी नेऊन घालायचं. किती दिवसांसाठी ते तिनं सांगितलं नाही, आणि ते न सांगण्याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळत होता. आमच्या गल्लीत अशा नेऊन घातलेल्या दोन बाया होत्या, एकीच्या नवऱ्यानं दुसरी आणली होती. सुमन माझ्याकडं बघत होती. मी 'न्हाई' म्हणायला पाहिजे होतं. सकाळी मास्तरांपुढं जो शब्द इतका पटकन आला, तो आता येईना. मी बाहेर जाऊन बिडी पेटवली.

सोमवारी दुपारी पब्लिकनं टाकी डोक्यावर घेतली. त्यांना हाणामारी पाहिजे होती आणि पडद्यावर ही बाई बादली धरून उभी. शिट्ट्या, खुर्च्यांचा आवाज. "ओ चाचा, झोपला का?" "बाई, ओत की पाणी, आम्हाला तहान लागली!" एक जण ओरडला, "मी येऊ का शेंदू लागायला?" शेठ धापा टाकत वर आला. "अरे भाया, पब्लिक खुर्च्या तोडून राह्यली! ते विहिरीचं काप जल्दी." चाचा माझ्याकडं पाहायला लागले. एरवी मी कात्री हळू चालवायचो. त्या दिवशी खेळ संपल्या संपल्या मी रीळ काढली, बादली विहिरीत जाते तिथून ती घरी येते तिथपर्यंत, सगळं सपशेल कापलं. मनात म्हणालो, घे, आता उभी राहा. कोणाला म्हणालो, पडद्यावरच्या बाईला की घरातल्या, ते आता विचारू नका. तुकडा गुंडाळून डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

सुमनला पोचवायचं म्हणून मायनं जिनिंगला दोन दिवस खाडा केला होता. मंगळवारी मी कामावर आल्यावर सुमननं तिला म्हणलं, "आत्याबाई, उद्या मी चालले. आज एकदा माझ्यासंगं टाकीत चला. मंग तुम्ही म्हणाल तसं." माय जन्मात टाकीत गेली नव्हती. तिनं विचारलं, "देवाचा हाय का?" सुमन म्हणाली, "न्हाई, बाईचा हाय." काय मनात आलं, माय निघाली. हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते असं, की काबिनीच्या झरोक्यातून खाली पाहतो तर बायांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत माझी माय बसलेली, चपला काढून मांडीवर घेतलेल्या, आणि शेजारी सुमन. पिक्चर निम्मा झाला होता. डबा फळीवर होता, पण चालू खेळात काय करणार?

पोरगं गेलं. कडी दिसली. सुमननं मायच्या हाताला हात लावला आणि पडद्याकडं बोट केलं. विहीर आली, बाईनं बादली सोडली, आणि खटकन पडद्यावर दुसरंच, बाई घरात भाकरी करून राह्यली. माय म्हणाली, मोठ्यानंच म्हणाली, तिला हळू बोलता यायचं नाही, "हेच का? हे दाखवायला आणलं का मला? लेकरू गेलं आन् बसली भाकरी थापत!" आजूबाजूची माणसं हसली.

सुमन उभी राहिली. मागं वळून तिनं वर झरोक्याकडं पाहिलं. खाली अंधार होता, तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. पण तिला कळलं होतं. काबिनीतली कात्री, सिमेंट, डबा, सगळं मीच तिला लग्नानंतर हौसेनं दाखवलं होतं. ती पुन्हा खाली बसली आणि पिक्चर संपेपर्यंत हलली नाही. चाचांनी माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "कौन है वो?" मी सांगितलं. त्यांनी कांड्या स्वतः हातात घेतल्या आणि म्हणाले, "जा, नीचे बैठ." मी गेलो नाही. लाज वाटली.

घरी गेलो तर पिशवी भरून दाराशी ठेवली होती. दोन लुगडी, कंगवा, आणि वर बेबीचं एक टोपडं. सुमन भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या हाती होतं ते बी कापलं."

दुसऱ्या दिवशी मी उजाडायलाच टाकीत गेलो. चाचा टाकीच्या मागंच राहायचे, त्यांच्याकडून किल्ली घेतली. डबा उघडला. जोड ओला करून सोडवला, टोकं खरवडली, सिमेंट लावलं, तुकडा बसवला. पहिला जोड वाकडा बसला, तो काढून परत केला. मंग घरी पळत आलो. माय पिशवी हातात घेऊन दारात उभी होती, सुमन तिच्या मागं. मी मायच्या हातातून पिशवी घेतली आणि म्हणालो, "एस.टी. राहू दे. टाकीत चल."

"कालच पाहिलं की!"

"काल पाहिलं न्हाई. मी कापलं होतं. चल, माय. पाया पडतो."

लेक पाया पडतो म्हणल्यावर ती निघाली. रिकाम्या टाकीत दोघींना मधोमध बसवलं. मी वर जाऊन कांड्या पेटवल्या आणि तेवढी एकच रीळ लावली. कडी दिसली. विहीर आली. पहिली बादली, दुसरी, तिसरी. शिट्टी नाही, खुर्ची वाजली नाही. रहाटाचा आवाज टाकीभर फिरत होता. बाई दोर धरून उभी राहिली. पडदा पिवळा पडायला लागला तेव्हा मला समजलं की मी कांड्या सोडून पडद्याकडं बघत होतो. जल्दी सरकवल्या. बाई उभीच होती. मला वाटलं माय आता काही बोलेल. रीळ संपली, पांढरा उजेड आला, मी मशीन बंद केली.

थोड्या वेळानं खालून मायचा आवाज आला. "परत लाव."

रीळ परत लावायची तर आधी ती उलटी गुंडाळावी लागते. भिंतीपाशी हाताचं यंत्र होतं, त्याच्या हँडलचा आवाज यायचा. मी गुंडाळायला लागलो, आणि दोनचार फेऱ्या झाल्यावर खाली कोणी बोलतंय असं वाटलं. हात थांबवला. सुमन बोलत होती. मायशी, हळू आवाजात, न थांबता. लग्न झाल्यापासून एवढं सलग बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. शब्द कळत नव्हते. त्या दुपारी मी टाकीत आणि माय जिनिंगमध्ये असताना घरात काय झालं, ते असणार. दुसरं काय असणार? मधी माय एकदा म्हणाली, "मंग?" आणि सुमन परत बोलायला लागली.

मी झरोक्यापाशी गेलो नाही. परत हँडल धरलं आणि आवाज होणार नाही इतकं हळू, बोटाबोटानं फिरवायला लागलो. चार मिनिटांचं काम आहे ते. मी अर्धा तास लावला.